९९ टक्के? इथे नापास!

पुणे-सोलापूर रस्त्याने कॉलेजला जाताना लोणी काळभोरजवळ टँकर आडवे आले की आपण वैतागतो. पण आपल्या बाईकमधलं पेट्रोल अशाच टँकरमधून आलेलं असतं! तेल कंपन्यांचे मोठे डेपो इथे आहेत. हिंदुस्थान पेट्रोलियमची मुंबई-पुणे-सोलापूर पाइपलाइनही लोणीला येते. अशा एकाच पाइपमधून पेट्रोल, डिझेल एकामागोमाग एक धावतं. दोघांच्या सीमेवर थोडी सरमिसळ होतेच. तो भाग नेमका ओळखून वेगळा काढावा लागतो.

आता थोडं गणित. समजा, एका डेपोतून दिवसाला १०० टँकर सुटतात आणि प्रत्येकाला ५ कामं : अर्थिंग, योग्य कप्प्यात योग्य इंधन, माप, सील, कागदपत्रं. म्हणजे चुकायच्या ५०० संधी. ९९ टक्के काम अचूक झालं तरी रोज ५ चुका! परीक्षेत ९९ मिळाले तर पेढे. इथे मात्र एका चुकीने आग लागू शकते. मोटोरोलाने १९८६ मध्ये सुरू केलेल्या ‘सिक्स सिग्मा’चं लक्ष्य आहे दहा लाख संधींत फक्त ३.४ चुका. आपल्या उदाहरणात, साडेपाच वर्षांत तीन-चार!

हे कामगारांवर ओरडून जमत नाही. जपानी इंजिनिअर शिगेओ शिंगो यांनी ‘पोका-योके’ मांडलं : चूक करताच येऊ नये अशी रचना. स्वयंचलित लोडिंगमध्ये अर्थिंगची क्लिप लावली नसेल तर इंधन भरणं सुरूच होत नाही. दमलेल्या माणसाच्या लक्षात राहण्यावर सुरक्षा सोडलेली नाही.

दुसरं हत्यार टोयोटाचं, ‘पाच वेळा का?’ समजा, टँकर उशिरा पोचला. का? उशिरा भरला. का? रांग होती. का? सगळे एकाच वेळी आले. का? सगळ्यांना सकाळचीच वेळ दिली. का? वेळा वाटून द्यायची पद्धतच नव्हती. बघा, पहिल्याच ‘का’वर थांबलो असतो तर बिचारा ड्रायव्हर शिव्या खाऊन मोकळा झाला असता आणि उद्या पुन्हा तीच रांग!

या साखळीतले शेवटचे तपासनीस आपणच. पंपावर घनतेची नोंद मागा. १५ अंश सेल्सिअसच्या हिशेबाने घनमीटरमागे ३ किलोपेक्षा जास्त फरक दिसला तर संशयाला जागा आहे. पेट्रोलसाठी फिल्टर पेपर आणि मापासाठी ५ लिटरचं भांडं मागायचाही हक्क आहे. लाजू नका, मागा!