गिरणगावाने जिंकलेला चषक

इंग्लंडच्या एफए चषक विजेत्यांच्या यादीत १८८३ या वर्षासमोर ‘ब्लॅकबर्न ऑलिंपिक’ असे नाव आहे. त्या यादीत ते पुन्हा येत नाही. फेब्रुवारी १८७८ मध्ये हा क्लब जन्मला आणि सप्टेंबर १८८९ मध्ये संपला. एवढ्या थोड्या काळात त्याने इंग्लंडमधल्या फुटबॉलची मालकी बदलली. खेळ कोणाचा, या प्रश्नाचे माझ्या मते सर्वात स्पष्ट उत्तर या क्लबच्या गोष्टीत आहे: ज्याच्या हाती मोकळा वेळ आहे आणि खेळायला गेल्यावर ज्याची चूल बंद पडत नाही, त्याचा.

शनिवारची दुपार

ब्लॅकबर्न हे लँकेशायरमधले कापड विणणारे शहर. तिथल्या मागांवरचे कापड मोठ्या प्रमाणावर हिंदुस्थानात विकले जाई आणि त्यात आपल्याकडची धोतरेही असत. या शहरात फुटबॉल रुजला तो कायद्यामुळे. १८५० च्या कारखाना कायद्याने कापड गिरण्यांतल्या स्त्रियांना आणि अल्पवयीन कामगारांना शनिवारी दुपारी दोननंतर कामावर ठेवण्यास मनाई केली. त्यांच्यावाचून गिरणी चालवणे अवघड, म्हणून पुरुषांचीही शनिवारची दुपार मोकळी झाली. उत्तर इंग्लंडमधले फुटबॉल क्लब या मोकळ्या दुपारीच वाढले.

याच धंद्यात राबणाऱ्या मुंबईच्या गिरणी कामगारांना मात्र आठवड्याची हक्काची रजासुद्धा नव्हती. नारायण मेघाजी लोखंडे यांनी चालवलेल्या लढ्यानंतर १८९० साली त्यांना रविवारची सुट्टी मिळाली. तोवर ऑलिंपिक क्लब बंदही पडला होता. दोन्हीकडच्या कामगारांच्या अंगात जोर होता, जिद्दही होती. फरक होता तो मोकळ्या वेळाचा.

ब्लॅक स्टार आणि जेम्स स्ट्रीट या दोन छोट्या संघांनी एकत्र येऊन ऑलिंपिकची स्थापना केली. शहरात १८७५ पासून ब्लॅकबर्न रोव्हर्स हा क्लब होताच. तो सुखवस्तू घरांतल्या, चांगल्या शाळांत शिकलेल्या तरुणांनी काढलेला. ऑलिंपिकचे बहुतेक खेळाडू कष्टकरी होते. सिडनी येट्स या ओतकाम कारखान्याच्या मालकाने क्लबला पैसा पुरवला आणि इंग्लंडकडून खेळलेल्या जॅक हंटरने खेळाडू व प्रशिक्षक अशी दुहेरी जबाबदारी घेतली.

ओव्हलवरचा सामना

१८७२ पासूनचा प्रत्येक एफए चषक दक्षिण इंग्लंडमधल्या हौशी संघांनी जिंकला होता. त्यांत मोठ्या खासगी शाळांचे माजी विद्यार्थी, विद्यापीठातले तरुण आणि लष्करी अधिकारी असत. १८८३ च्या उपांत्य सामन्यात ऑलिंपिकने ओल्ड कार्थुसियन्सना ४–० असे हरवले. अंतिम सामन्यात समोर होते गतविजेते ओल्ड इटोनियन्स, म्हणजे ईटन शाळेचे माजी विद्यार्थी. त्यांचे नेतृत्व लॉर्ड किनेअर्ड यांच्याकडे होते.

हंटरने मोठ्या सामन्यांआधी संघाला ब्लॅकपूलच्या समुद्रकिनाऱ्यावर नेऊन सराव करून घेतला. खेळाडूंच्या खाण्यापिण्यावरही त्याची नजर होती. आज प्रत्येक संघ हेच करतो, पण तेव्हाच्या हौशी मंडळींना अशी तयारी खेळाच्या सभ्यतेत बसणारी वाटत नव्हती.

३१ मार्च १८८३ रोजी लंडनच्या केनिंग्टन ओव्हल मैदानावर सुमारे आठ हजार प्रेक्षकांसमोर सामना झाला. गुडहार्टने इटोनियन्सचा पहिला गोल केला. मध्यंतरानंतर आर्थर मॅथ्यूजने बरोबरी साधली. तो तसबिरींच्या चौकटी बनवायचा. इटोनियन्सचा आर्थर डन जखमी होऊन बाहेर गेला. त्या काळी बदली खेळाडू घेता येत नसे, त्यामुळे ते दहा जणांनिशी खेळले. ऑलिंपिकचे खेळाडू मैदानाच्या एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला लांब पास देऊन प्रतिस्पर्ध्यांना पळवत राहिले. जादा वेळेत जॉन येट्स या विणकराने चेंडू गोलसमोर धाडला आणि जिमी कॉस्टली या सूतगिरणी कामगाराने गोल केला. २–१. व्यवसायाने प्लंबर असलेल्या कर्णधार अल्बर्ट वॉरबर्टनने चषक हाती घेतला.

त्यानंतर माजी विद्यार्थ्यांच्या एकाही हौशी संघाला हा चषक पुन्हा जिंकता आला नाही. लंडनमध्ये तो परतला थेट १९०१ साली, टॉटनहॅम हॉटस्परने जिंकल्यावर.

पैसा उघडपणे आला

सामन्यासाठी कामगाराने खाडा केला की त्याची मजुरी बुडे. ती भरून देण्यासाठी क्लब लपूनछपून पैसे देत. नियमांनी त्याला बंदी होती. १८८४ मध्ये प्रेस्टन नॉर्थ एंड या क्लबला याच कारणावरून स्पर्धेबाहेर काढण्यात आले. उत्तरेकडचे क्लब एकजुटीने उभे राहिले आणि जुलै १८८५ मध्ये फुटबॉल असोसिएशनने व्यावसायिक खेळाडूंना मान्यता दिली. जमीनदाराचा मुलगा फुकट खेळू शकत होता, विणकराला ते परवडणारे नव्हते. म्हणून हा निर्णय न्याय्य होता, असे मी मानतो.

ऑलिंपिकचा घात मात्र त्याच निर्णयानंतर झाला. वेतन उघड झाले तशी क्लबांत चढाओढ लागली. रोव्हर्सकडे पैसा आणि प्रेक्षक दोन्ही जास्त होते. १८८४ ते १८८६ असा सलग तीन वर्षे त्यांनी चषक जिंकला. एका मध्यम शहराला दोन मोठे क्लब पोसणे झेपेना. ऑलिंपिकला खेळाडूंचे वेतन कमी करावे लागले. १८८८ मध्ये विल्यम मॅकग्रेगर यांच्या पुढाकाराने बारा क्लबांची फुटबॉल लीग सुरू झाली. तिच्यात ब्लॅकबर्नमधून रोव्हर्सना जागा मिळाली, ऑलिंपिकला नाही. १८८९ मध्ये व्यावसायिक खेळाडूंना रजा देऊन पुन्हा हौशी होण्याचा प्रयत्न झाला, पण काही महिन्यांतच क्लब संपला.

कामगारांना खेळाचे दार उघडून देणारा क्लब बाजाराच्या स्पर्धेत टिकला नाही, म्हणून तो हरला असे म्हणणे चूक आहे. चषक नेहमी गावातल्या श्रीमंतांच्या घरीच जातो, ही समजूत त्याने कायमची मोडली. आपल्याकडे खेळाडू घडत नाहीत, अशी तक्रार वारंवार कानी येते. तेव्हा प्रतिभा शोधण्याआधी हे पाहावे की कष्टकऱ्यांच्या मुलांना खेळायला मोकळा वेळ किती मिळतो, आणि खेळायला गेल्यावर घरातली कमाई कोण भरून देते.