आंब्याचे पांढरे धोतर

दिवाळी जवळ आली की आमच्या घरी रंगसफेदीला ऊत येतो. चार वर्षांपूर्वीची गोष्ट. भिंती झाल्या, कुंपण झाले, तरी बादलीत चुना उरलाच. अंबडच्या औद्योगिक वसाहतीजवळ आमचे घर. रस्त्याकडेच्या झाडांचे गेरू-चुन्याने नटलेले बुंधे रोज पाहण्यातले. मीही अंगणातल्या आंब्याला कमरेपर्यंत पांढरे धोतर नेसवले!

संध्याकाळी वनस्पतिशास्त्राचे सहकारी फराळाला आले. म्हणाले, "सर, बुंध्यावरचे ते करडे ठिपके कुठे गेले?"

"बुरशी होती. घालवली," मी अभिमानाने सांगितले.

त्यांच्या हातातली चकली हातातच राहिली. "अहो, वहिनींच्या गोड्या मसाल्यातल्या दगडफुलाचे ते भाऊबंद! बुरशी आणि शेवाळ यांचा तो संसार. बुरशी घर बांधून ओल धरते, शेवाळ उन्हावर अन्न करते. मुळे नाहीत, झाडाकडून काही घेणे नाही; सारा शिधा हवा-पावसातून. वर्षाला वाढणार जेमतेम काही मिलिमीटर. तुम्ही कित्येक वर्षे पुसून टाकलीत."

मग समजले, की हे भाडेकरू मोठे चोखंदळ असतात. प्रत्येक झाडाच्या सालीचा आंबटपणा निराळा, आणि एकाला मानवणारी साल दुसऱ्याला मानवत नाही. पेरूची साल सोलून पडते, तिथे बिऱ्हाड टिकणे कठीण; आंब्याची खरबरीत साल सोयीची. सह्याद्रीच्या ओल्या रानांत यांच्या शेकडो जाती. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेत त्यांचा मोठा संग्रह आहे. शहरात मात्र सालीची प्रकृतीच बिघडते. धुरातला गंधकाचा वायू पाण्यात विरघळून ती अधिक आंबट करतो, तर सिमेंट-चुन्याची धूळ तिला उलट टोकाला नेते. नाजूक जाती आधी जातात. उरतात दोन-चार सोशिक.

१८६६ साली नायलँडर या शास्त्रज्ञाने पॅरिसच्या लक्झेंबर्ग बागेतल्या या जाती पाहून शहराची हवा जोखली होती. पुढे विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात लंडनच्या हवेतला गंधकवायू घटला, तेव्हा तिथल्या झाडांवर हे पाहुणे परतले.

कारखान्यांचा धूर माझ्या हाती नाही. चुन्याची बादली होती. तेव्हापासून आंब्याला मी हात लावलेला नाही. चार पावसाळ्यांनी चुना धुऊन नेला. परवा सौ.ने हाक मारली, "अहो, हे पाहा!" सालीच्या खाचेत नखाएवढा एक करडा-हिरवा ठिपका होता.

यंदा उरलेला चुना आम्ही शेजाऱ्यांना दिला. पण आधी त्यांच्या अंगणात झाड नाही ना, हे पाहूनच!