न्हाणीघरांतील बंद भांडें
(रेडिओवरील भाषण)

श्रोतेहो, पालघर जिल्ह्याच्या अगदीं उत्तर टोकाला, तलासरी तालुक्यांत, वेवजी नांवाचें माझें गांव आहे. गांवची वेस ओलांडली कीं गुजरात सुरू होतें. १९६० सालीं मुंबई राज्याचें विभाजन झालें त्या वेळीं उंबरगांव तालुका ठाणें जिल्ह्यांतून निघून बव्हंशीं तिकडे गेला. पण आमचा बाजार मात्र अद्याप उंबरगांवचाच राहिला आहे. त्याच बाजारांतून गेल्या हिवाळ्यांत मीं पाणी तापविण्याचें यंत्र, म्हणजे गीझर, विकत आणला. घरांतला हा दुसरा गीझर. पहिला सहाव्या वर्षींच निकामी झाला, आणि त्याला दुसरें तिसरें कोणी नसून मीच कारण झालों. शाळेंत तीस वर्षें मुलांना उष्णतेचा धडा शिकविलेल्या माणसाला हें कबूल करणें जड जातें. परंतु जो धडा मला पैसे मोजून घ्यावा लागला तो आपणांस फुकट मिळावा, एवढ्याचसाठीं आज हा विषय घेतला आहे.

गीझर येण्यापूर्वीं आमच्याकडे तांब्याचा बंब होता. आपणांपैकीं पुष्कळांच्या घरीं तो एके काळीं असेल. मधोमध नळी, तींत निखारे व ढलप्या, भोंवतीं पाणी, खालीं जाळी व राखेची जागा, आणि बाजूला पितळेची तोटी. वरचें झांकण सैल असे. त्या सैल झांकणाकडे आम्हीं कधीं लक्ष दिलें नाहीं. पण बंबाची सारी सुरक्षितता त्यांतच होती. पाणी तापलें कीं फुगतें, फार तापलें कीं त्याची वाफ होते, आणि दोहोंनाही त्या झांकणाखालून वाट मिळे. बंब हें उघडें भांडें होतें. गीझर हें बंद भांडें आहे. माझ्या सगळ्या सांगण्याचें मर्म या एका वाक्यांत आहे.

१५ लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांपर्यंत तापविलें तर तें सुमारें २०० मिलिलिटर, म्हणजे एक पेलाभर वाढतें. गीझरची टाकी तर आधींच कांठोकांठ भरलेली. आंत येणाऱ्या पाण्याच्या वाटेवर बसविलेली झडप तें मागें जाऊं देत नाहीं. पुढची तोटी आपण बंद ठेवलेली. मग हा एक पेला पाणी जाणार कोठें? पाणी हवेसारखें दाबलें जात नाहीं. तें टाकीच्या सांध्यांवर जोर करूं लागतें. म्हणून त्याला बाहेर काढण्यासाठीं खालीं एक लहानसा सेफ्टी व्हॉल्व्ह असतो. पाणी तापत असतां त्यांतून थेंब थेंब टिपकणें हा दोष नव्हे. तेंच त्याचें काम आहे.

हें मला ठाऊक असावयास हवें होतें. पण न्हाणीघरांत सारखें टिपकणारें पाणी डोळ्यांना खुपे. एके दिवशीं मीं त्या तोंडाला बूच मारून टाकलें आणि आपण मोठी काटकसर केली असें मानून स्वस्थ बसलों. पुढें कांहीं महिन्यांनीं टाकीचा सांधा उकलला, पाणी आंतल्या तारांपर्यंत पोंचलें, आणि एका सकाळीं पत्नीनें तोटीला हात लावतांच "अहो, नळाला करंट येतोय!" असें ओरडून ती मागें सरली. झटका हलका होता, हें केवळ दैव. वायरमननें भिंतींतलें सॉकेट उघडलें तेव्हां दुसरी चूक दिसली. सॉकेटला अर्थिंगचें तिसरें भोंक होतें, पण त्यामागची तार कोठेंच गेली नव्हती. सहा वर्षें आम्ही त्या भोंकावर विश्वासून स्नान करीत होतों.

आतां खर्चाचें सांगतों. जुना गीझर मोडींत दिल्याची वजावट जाऊन नव्या १५ लिटरच्या गीझरला ७,५०० रुपये पडले. नळ्या, तोट्या व जोडणीचें सामान १,१५० रुपये. प्लंबरची मजुरी ६०० रुपये. नवी तार, १६ अँपिअरचें सॉकेट आणि वीज गळूं लागतांच प्रवाह तोडणारें स्विच, मजुरीसह, ३,३५० रुपये. अंगणांत खड्डा घेऊन केलेलें अर्थिंग २,३०० रुपये. एकूण १४,९०० रुपये. म्हणजे यंत्राच्या किमतीच्या जवळजवळ दुप्पट. पहिल्या खेपेस हाच "वरचा" खर्च मीं वांचविला होता.

या खर्चांतील प्रत्येक रकमेला कारण आहे. २,००० वॅटचा गीझर २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर वीज ओढतो. दिव्या-पंख्याच्या ६ अँपिअरच्या सॉकेटला तो भार पेलत नाहीं. अर्थिंगची तार धड असेल तर यंत्राच्या पत्र्यांत उतरलेली वीज आपल्या देहांतून न जातां जमिनींत जाते, आणि तें स्विच क्षणार्धांत प्रवाह तोडतें.

आतां रोजचा खर्च पाहूं. १५ लिटर पाणी ३५ अंशांनीं तापविण्यास ५२५ किलोकॅलरी उष्णता लागते. विजेचें एक युनिट ८६० किलोकॅलरी देतें. म्हणजे एका टाकीस सुमारें ०·६ युनिट. हें ६० अंशांचें पाणी थंड पाण्यांत मिसळलें म्हणजे अंगाला सोसणारें, ४० अंशांचें, सुमारें दोन बादल्या पाणी होतें. चार माणसांच्या घरीं रोज दोन टाक्या, आणि पत्र्यांतून निसटणारी उष्णता धरून दीड युनिट. महिन्यास ४५ युनिट. दर ज्यानें त्यानें आपल्या बिलावरून घ्यावा. हिशेबाच्या सोयीसाठीं १० रुपये धरला तर महिन्यास ४५० रुपये, आणि वर्षांतून आठ महिने वापर धरला तर ३,६०० रुपये. सव्वादोन वर्षांच्या आंतच विजेचा खर्च यंत्राच्या किमतीला मागें टाकतो. म्हणून दुकानांत किमतीआधीं यंत्रावरचे तारे पाहावे. तारे जितके अधिक तितकी साठविलेल्या पाण्याची उष्णता कमी निसटते. आणि तारे कितीही असोत, स्नान आटोपल्यावर बटण बंद करावें.

आमच्या बोअरवेलचें पाणी दुष्फेन आहे. असें पाणी तापलें म्हणजे त्यांतला चुना पांढऱ्या थरानें तापणाऱ्या कॉईलवर बसतो. मग तीच वीज जाळून पाणी उशिरा तापतें. थर्मोस्टॅट ६० अंशांवर ठेवला तर हा थर सावकाश धरतो. टाकींत मॅग्नेशियमची एक कांडी असते, तिला अ‍ॅनोड रॉड म्हणतात. गंजणें ती स्वतःकडे घेते आणि टाकीचें पोलाद वांचविते. ती झिजून संपली कीं टाकीची पाळी येते. वर्षां-दोन वर्षांनीं ती उघडून पाहावी. नवी कांडी नव्या टाकीपेक्षां पुष्कळच स्वस्त पडते.

शहरांतील श्रोत्यांसाठीं एक सूचना. पाण्याची उंची दर १० मीटरला सुमारें एका वातावरणाचा दाब वाढविते. उंच इमारतींतल्या खालच्या मजल्यांवर तो बराच असतो. तेथें अधिक दाब सोसणारीच टाकी मागावी. गॅसचा गीझर लवकर पाणी देतो, परंतु बंद न्हाणीघरांत त्यापासून कार्बन मोनॉक्साइड हा वासरहित विषारी वायु सांचूं शकतो. तो बाहेर मोकळ्या हवेंतच बसवावा. सूर्यावर चालणारा बंब उत्तमच, पण पावसाळ्यांतल्या झांकळलेल्या दिवसांत त्याला विजेची जोड लागते.

शेवटची गोष्ट आमच्या भागाची. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीच्या लोकांनीं भूकंपाचे कितीतरी धक्के अनुभवले आहेत. भरलेला गीझर वीस किलोंहून जड असतो, आणि तो बरोबर आपल्या डोक्यावर टांगलेला असतो. नवा बसवितांना मीं पोकळ विटांची भिंत सोडून जाड भिंत निवडली व अँकर बोल्ट खोल घालून घेतले.

आतां आमच्या न्हाणीघरांत पुन्हां थेंब टिपकतात. त्यांच्याखालीं मीं एक तांब्या ठेवला आहे. सायंकाळीं तें पाणी तुळशीला जातें. आपल्या घरीं असे थेंब टिपकत असतील तर त्यांना बूच मारूं नका. आणि सॉकेटच्या तिसऱ्या भोंकामागें तार आहे कीं नाहीं, हें या आठवड्यांतच जाणत्या वायरमनकडून पाहून घ्या, एवढी विनंति करून मी आपली रजा घेतों.