आजीची विळी आणि एक इंची ग्राइंडर



गेल्या दिवाळीत आई सिंगापूरला आली ती चिपळूणहून आजीची विळी घेऊनच. दोन टॉवेल आणि चार वर्तमानपत्रांत गुंडाळून, चेक-इनच्या बॅगेत. "धार गेलीय रे, तेवढी लावून दे. इंजिनीयर ना तू?" आता मी दिवसभर जावा लिहिणारा इंजिनीयर, पण मशीन घ्यायला निमित्त हवंच होतं. जालान बसारच्या एका दुकानातून छोटा बेल्ट ग्राइंडर आणला. पट्टा एक इंच रुंद, तीस इंच लांब. आणि पहिल्याच शनिवारी पात्याच्या मधोमध नखाएवढा निळा डाग पाडून ठेवला.

लोहार पात्याला पाणी देतो, म्हणजे लाल तापवून विझवतो आणि मग बेताने परत थोडं तापवतो. त्यानंतर ते पोलाद जास्त तापलं की आधी पिवळं, मग तपकिरी, जांभळं आणि 300 अंशांच्या आसपास निळं होतं. निळं झालं म्हणजे पाणी उतरलं. धार लागते, पण टिकत नाही. दोन दिवसांनी आई म्हणाली, "मधेच कोबी चेचला जातोय." मी म्हटलं, पोलाद जुनं आहे. (थाप!)

दोष वेगाचा. इथली वीज आपल्यासारखीच 50 हर्ट्झ, त्यामुळे मोटर मिनिटाला साधारण 2850 फेरे घेते. चाक 100 मिलिमीटरचं, म्हणजे पट्टा सेकंदाला जवळजवळ 15 मीटर पळतो. लाकडाला ठीक, पण पात्याची कड कागदाइतकी पातळ, तिथे उष्णता जाणार कुठे?

पहिला उपाय केला तो अगदी सॉफ्टवेअरवाल्याचा: मधे डिमर लावला. तो चालतो कार्बन ब्रशच्या मोटरला, ड्रिलला वगैरे. इथे इंडक्शन मोटर, तिचा वेग ठरतो फ्रिक्वेन्सीवर. व्होल्टेज कमी केल्यावर ती नुसती घुं घुं करून तापली आणि पातं टेकवताच थांबली. हे शाळेत... म्हणजे चक्क इंजिनीयरिंगला शिकलो होतो :-)

मग काकी बुकितच्या एका लेथवाल्या अंकलकडून अॅल्युमिनियमचं 50 मिलिमीटरचं चाक करून घेतलं. व्यास निम्मा, वेग निम्मा. चाक मधे किंचित फुगीर ठेवायला सांगा, नाहीतर पट्टा कडेला सरकून निसटतो. मी विसरलेली गोष्ट म्हणजे चाक लहान झालं की पट्टा ढिला पडतो. स्प्रिंगचा हात तेवढा पुरला नाही, वरच्या चाकाचा ब्रॅकेट भोकं पाडून वर सरकवावा लागला. त्यात एक रविवार गेला.

पट्ट्यामागची लोखंडी पाटीही काढता येईल अशी केली. सुरीला ती बरी, पण विळीचं पातं बाकदार, त्याला मोकळा पट्टाच हवा, तो बाकाबरोबर वळतो. कोन धरायला बाजारात जिग मिळतात. विळीला एकही बसला नाही. शेवटी चामड्याचा पट्टा आणि हिरवं पॉलिश. खाली पाण्याचं स्टीलचं भांडं, ठिणग्याही त्यातच पडतात. (त्याच मशीनवर लाकूड घासत असाल तर आधी भुसा साफ करा, ठिणगीने पेट घेतो.) धार नेहमी पट्टा जातो त्या दिशेला, उलटी धरलीत तर पट्टा फाटून अंगावर येईल. हातमोजे नकोत. बोटाला चटका बसायच्या आत पातं पाण्यात.

हे सगळं झाल्यावर लहानपणचा सायकलवाला धारवाला आठवला. सायकल स्टँडवर, पायडल मारलं की पट्ट्यावर छोटा दगड फिरायचा. म्हणजे तीही अॅटॅचमेंटच! नाजूक कातरी आली की पाय आपोआप हळू. मी पैसे घालून जे मिळवलं ते त्याच्या पायांत होतं.

निळा भाग घालवायला सगळ्या धारेवरून दोन मिलिमीटर उतरवावे लागले. तीन संध्याकाळी, आठच्या आत, खाली रबराची चटई घालून. एचडीबीत शेजाऱ्यांचाही विचार करावा लागतो. आईने टोमॅटो चिरला, मग पात्यावरून अंगठा फिरवून म्हणाली, "पातं बारीक झालंय रे." तेव्हा खरं काय ते सांगितलं. ती म्हणाली, "मला काय, डाग दिसला होता की."

चाकाचं ड्रॉइंग कुणाला हवं असेल तर कळवा, पाठवतो.