सर्वमान्य इनामाची सनद व प्राप्तीवरील कर

देवगड तालुक्यांतील किनाऱ्यालगतच्या एका गांवाहून आमच्याकडे एक मोडी सनद वाचनार्थ आली. मालकांच्या इच्छेवरून घराण्याचें व गांवाचें नांव येथें देत नाहीं. कागद जाड, घडीवर तुटलेला, मोर्तब शाबूत. अस्सल असण्याविषयीं आम्हांस शंका वाटली नाहीं. सनदेबरोबर मालकांचें एक पत्र होतें व आम्हांस हा लेख लिहावयास लावलें तें त्या पत्रानें.

पत्राचा मतलब असा. या घराण्यांत अशी समजूत चालत आली आहे कीं, सनदेंत 'सर्वमान्य' व 'कुलबाब कुलकानू' असे शब्द असल्यामुळें आपल्या कुळास सरकारचा कोणताच कर लागू होत नाहीं. आजोबांनीं इन्कमटॅक्स भरला नाहीं, वडिलांनींही भरला नाहीं. तेवढ्यानें समजूत दृढ झाली. आतां धाकट्या बंधूंनीं आमरसाचे डबे भरण्याचा कारखाना घातला, एक मच्छिमारी ट्रॉलर घेतला आणि करखात्याची नोटीस आली. कोणा मध्यस्थानें सल्ला दिला कीं, मूळ सनद कचेरींत दाखल करा, कर माफ होईल; पुढें जाऊन तो असेंही म्हणाला कीं, हा कर कायद्यानें सक्तीचा नाहींच, लोक अज्ञानामुळें भरतात. थोरले बंधु मात्र साशंक आहेत. विचारतात: सनद काय म्हणते तें सांगा.

हा प्रश्न एकट्या त्यांचा नव्हे. जुन्या कागदांच्या बाजारांत अलीकडे अशा सनदांवर 'करमुक्तीची सनद' अशी चिठ्ठी लावून किंमत चढविलेली आम्हीं पाहिली आहे. म्हणून सनदेच्या शब्दांपासून प्रारंभ करून कायद्यापर्यंत जाणें आम्हांस योग्य वाटतें.

प्रथम 'कुल'. मालक हा शब्द संस्कृत कुल, म्हणजे कूळ, वंश, असा वाचतात आणि सगळा घोटाळा येथून सुरू होतो. सनदेंतील 'कुल' हा अरबी शब्द असून त्याचा अर्थ 'सर्व' एवढाच. कुलबाब म्हणजे सर्व बाबी, कुलकानू म्हणजे सर्व कानू, नेहमींचे ठरीव वसूल. त्यांत कुळाचा, वंशाचा मुळींच संबंध नाहीं. वंशपरंपरेचा उल्लेख सनदेंत वेगळा येतो, तो 'पुत्रपौत्रादि वंशपरंपरेनें' अशा शब्दांनीं, आणि तो इनाम कोणी भोगावा याविषयीं आहे. 'सर्वमान्य' शब्दाची तीच गत. आजच्या कानांस तो 'सर्वांनीं मान्य केलेला' असा लागतो. सनदेंत मान्य म्हणजे सरकारदेणें सोडलेली जमीन वा गांव, व सर्वमान्य म्हणजे सर्व बाबी सोडलेला.

'हल्लीपट्टी व पेस्तरपट्टी' हे शब्द मात्र मालकांच्या पक्षास खरोखर बळ देणारे आहेत. चालू पट्ट्या व पुढें बसतील त्या पट्ट्या, दोन्ही माफ! प्राप्तीवरील कर ही पुढें बसलेलीच पट्टी नव्हे काय, असा युक्तिवाद सहज सुचतो. (येथें कोशाविषयीं एक इशारा. फारशीत 'पेश्तर' म्हणजे बहुधा 'पूर्वीं'. मराठी दप्तरांत 'पेस्तर' म्हणजे 'पुढील', जसें पेस्तर साल. फारशी कोश उघडून सनद वाचणारा नेमका उलट अर्थ काढील.)

परंतु सनदेचें वाक्य संपूर्ण वाचावें. ज्या माफ्या दिल्या त्या 'मौजे मजकूर' याच्या, म्हणजे त्या गांवच्या वा जमिनीच्या वसुलाच्या. त्या जमिनीवरील धारा, त्यावर वेळोवेळीं चढणाऱ्या पट्ट्या, वेठबेगार, फडफर्मास इत्यादि मागण्या सरकार करणार नाहीं, असें तें वचन. त्याच दमांत 'खेरीज हक्कदार व इनामदार करून' असा अपवाद आहे. म्हणजे सर्वमान्य सनद देखील पूर्वींच्या हक्कदारांच्या हक्कांस हात लावीत नव्हती. सनदेनें माणसास करमुक्त केलें नाहीं. जमिनीचा वसूल सरकारांतून काढून त्या माणसाच्या पदरीं घातला.

पेशवाईंत माणसाच्या धंद्यावरील कर नव्हताच असें नाहीं. मोहतर्फा तो हाच. वाणी, साळी, तेली, सोनार यांच्या दुकानांवर व हत्यारांवर तो बसे, व आजच्या प्राप्तीकराचा जवळचा आप्त म्हणावा तर त्यासच. नवी पेठ वसवितांना येणाऱ्या उदमी लोकांस कांहीं वर्षें मोहतर्फा व जकात माफ केल्याचे कौल प्रसिद्ध आहेत. अशी माफी द्यावयाची तेव्हां कराचें नांव घेऊन व बहुधा मुदत घालून दिली जाई. आमच्यापुढील सनदेंत मोहतर्फ्याचें नांव नाहीं. शिवाय १८४४ च्या १९ व्या कायद्यानें मुंबई इलाख्यांतील शहरजकाती व धंद्यांवरील सर्व कर उठविण्यांत आले. म्हणजे ज्या करापासून माफी असूं शकली असती तो करच नाहींसा झाला. पुढें १८६० त प्राप्तीवर कर आला तो नव्या कायद्यानें. १८४४ चा कायदा त्याच्या आड आला नाहीं, मग सनद ती काय येणार?

आतां राज्य पालटल्यानें काय झालें तें पाहूं. विजयदुर्ग १७५६ त आंग्र्यांकडून गेला व पुढें पेशव्यांकडे आला. १८१८ त हा सारा किनारा इंग्रजांच्या अमलाखालीं गेला. त्या वर्षीं फेब्रुवारींत साताऱ्याहून एल्फिन्स्टननें काढलेल्या जाहीरनाम्यांत वतनें, इनामें, वर्षासनें व देवस्थानें चालविण्याचें आश्वासन होतें. अभिमानी वंशज या जाहीरनाम्याकडे बोट दाखवितात. परंतु आश्वासन होतें तें इनामें चालविण्याचें, नवे कर न बसविण्याचें नव्हे. आणि चालविण्याचें तें देखील नव्या सरकारनें मान्य केलें तेवढेंच. १८५२ च्या कायद्यानें इनाम कमिशनची चौकशी झाली. १८६३ च्या मुंबई कायद्यांनीं इनामदारांस सरसकट तडजोड देऊं केली. चौकशी टाळावयाची तर दरसाल ठरीव रक्कम भरावी व इनाम कायम करून घ्यावा. ही तडजोड ज्यांनीं पत्करली त्यांच्या हातीं इंग्रजी अमलांतील नवी सनद आली, आणि जुनी सर्वमान्य सनद त्याच दिवशीं पुराव्याचा कागद झाली. शेवटीं १९५२ च्या मुंबई कायद्यानें वैयक्तिक इनामें रद्द झालीं व त्या जमिनींवर पूर्ण आकार बसला. ज्या धाऱ्याची माफी सनदेनें स्पष्ट शब्दांनीं दिली होती ती धाऱ्याची माफीच उरली नाहीं, तेथें न लिहिलेल्या प्राप्तीकराची माफी कोठून उरणार?

राज्य पालटल्यावर जुन्या राजाचें दान नव्या राजास बांधतें काय, हा प्रश्न प्रिव्ही कौन्सिलापुढें १९२४ सालीं वजेसिंगजी जोरावरसिंगजी यांच्या दाव्यांत आला. मुलूख पंचमहालांतील, पूर्वीं शिंद्यांचा, १८६० त इंग्रजांस मिळालेला. निकाल असा कीं, मिळालेल्या मुलखांतील रहिवाशास नव्या सत्तेच्या न्यायालयांत तेवढेच हक्क सांगतां येतात, जेवढे त्या सत्तेनें मान्य केले असतील.

आमच्या विषयास सर्वांत जवळचा निकाल त्यानंतर सहा वर्षांनीं आला. आसामांतील गौरीपूरचे राजे प्रभातचंद्र बरुआ यांनीं असें म्हटलें कीं, १७९३ च्या कायमधाऱ्यानें जमीनदारीचें देणें कायमचें ठरलें. त्यापलीकडे जमीनदारीच्या उत्पन्नावर सरकारास एक पैही मागतां येणार नाहीं. वाद शेतीच्या उत्पन्नाचा नव्हता. मासेमारीचे हक्क व तत्सम शेतीबाहेरील उत्पन्नाचा होता. त्यांच्या हातीं सनदेहून कितीतरी भक्कम आधार होता, इंग्रज सरकारचा स्वतःचा, कायद्याच्या रूपानें दिलेला शब्द. तरी १९३० त प्रिव्ही कौन्सिलनें निकाल दिला तो त्यांच्या विरुद्ध. कायमधाऱ्यानें ठरला तो जमिनीचा सारा. प्राप्तीवरील सर्वसाधारण करापासून मुक्तता त्यांत नाहीं. आमच्या सनदेंतील 'जल तरु तृण काष्ठ पाषाण निधि निक्षेप' या मालिकेंतील 'जल' शब्दावर ट्रॉलरच्या उत्पन्नाची माफी उभारूं पाहणाऱ्यानें हा निकाल आधीं वाचावा. त्याच मालिकेंतील 'निधि निक्षेप' या शब्दांची काय गत झाली तेंही पहावें: १८७८ च्या कायद्याप्रमाणें दहा रुपयांहून अधिक किंमतीचें भूमिगत धन सांपडल्यास कलेक्टरास कळविणें भाग आहे, सनद असो वा नसो.

राज्यघटनेनंतर हें अधिकच स्पष्ट झालें. विलीनीकरणाच्या करारांवर विसंबून जहागिरी रद्द करण्याच्या मुंबई कायद्यास आव्हान देण्यांत आलें, तेव्हां सर्वोच्च न्यायालयानें १९५५ त महाराज उमेगसिंग यांच्या खटल्यांत ठरविलें कीं, विधिमंडळाच्या अधिकारास बंधन घालावयाचें तर तें घटनेंतच असावें लागतें. करारानें वा दानपत्रानें तें घातलें जात नाहीं. घटनेनें प्राप्तीकरापासून खरोखर मुक्त केलेलें एक उत्पन्न होतें, संस्थानिकांचे तनखे, कलम २९१ अन्वयें. तें कलमही १९७१ च्या सव्विसाव्या दुरुस्तीनें गेलें.

मग आजोबांनीं कर भरला नाहीं तो कसा? याचें उत्तर सनदेंत नसून १८८६ च्या कायद्यांत आहे. जेम्स विल्सन यांनीं १८६० त जो कर आणला तो जमिनीच्या उत्पन्नावरही होता. दोनशें रुपयांपासून पांचशेंपर्यंत शेंकडा दोन व त्यावर शेंकडा चार. त्यावरून वसईस व सुरतेस दंगे झाले, मद्रासचे गव्हर्नर ट्रेव्हेलियन यांनीं उघड विरोध करून पद गमावलें, आणि विल्सन स्वतः त्याच वर्षीं ऑगस्टांत कलकत्त्यास वारले. १८६५ त हा कर बंद झाला. पुढें लायसन्स टॅक्स वगैरे प्रयोग होत होत १८८६ सालीं स्थिर कायदा आला व त्यानें शेतीचें उत्पन्न वगळलें. ती सूट १९२२ च्या व १९६१ च्या कायद्यांत राहिली, आणि १ एप्रिल २०२६ ही ज्याच्या अमलाची तारीख ठरविली त्या २०२५ च्या कायद्यांतही ठेवलेली आहे. आजोबांचें उत्पन्न भाताचें व आंब्याचें. शेजारच्या घरीं सनद नव्हती, कलमें होतीं. त्यांसही कर पडला नाहीं. आमच्या मालकांनीं शेजाऱ्याकडे विचारलें असतें तर हा लेख लिहावा लागला नसता.

शेतीचें उत्पन्न कोणतें, याविषयीं १९५७ त सर्वोच्च न्यायालयानें राजा बिनोयकुमार सहास राय यांच्या खटल्यांत मूलभूत निकाल दिला. जमीन नांगरणें, पेरणें, लावणें अशी मनुष्याच्या श्रमाची मूळ क्रिया त्या जमिनीवर झाली पाहिजे. नंतरची राखण, छाटणी वगैरे तिच्या जोडीनें चालते, एकटी पुरत नाहीं. देवगडाकडे याचा अर्थ उघड आहे. कातळ फोडून, माती भरून लावलेल्या हापूसच्या कलमांचा आंबा शेतीचा. कोणी न लावतां रानांत आपोआप वाढलेल्या झाडांचें उत्पन्न मात्र या कसोटीस उतरत नाहीं. तशा जंगलाविषयीं प्रिव्ही कौन्सिलनेंही १९४८ त तोच निकाल दिला होता. जांभ्याच्या चिरेखाणीचें उत्पन्न शेतीचें नव्हे, मासेमारीचें नव्हे. आमरसाच्या डब्यांविषयीं नियम असा कीं, माल बाजारांत नेण्याजोगा करण्यास शेतकरी सामान्यतः जेवढी प्रक्रिया करतो तेवढीच शेतींत मोडते. आंब्यास आंबा म्हणून बाजार असतांना रस काढून डब्यांत भरणें हा उद्योग झाला. त्याच्या नफ्याचा हिशेब करतांना स्वतःच्या बागेंतील आंब्याचा बाजारभाव वजा मिळतो, बाकीवर कर बसतो. म्हणजे धाकट्या बंधूंस खरी सवलत आहेच. ती सनदेंतून नव्हे, बागेच्या हिशेबाच्या वहींतून सिद्ध होईल. कांहीं मर्यादेपलीकडे इतर उत्पन्न असल्यास शेतीचें उत्पन्न केवळ दर ठरविण्यापुरतें १९७३ पासून हिशेबांत धरतात, तेंही त्यांनीं ध्यानांत ठेवावें.

'कायद्यानें सक्तीचा नाहीं' या मध्यस्थाच्या वाक्याविषयीं थोडेंच लिहितों. घटनेचें कलम २६५ सांगतें कीं, कायद्याच्या आधाराखेरीज कोणताही कर बसवितां वा वसूल करतां येणार नाहीं. शेतीखेरीज इतर उत्पन्नावर कर बसविण्याचा अधिकार केंद्राच्या यादींत ८२ व्या क्रमांकास स्पष्ट लिहिलेला आहे व शेतीच्या उत्पन्नावरचा राज्यांच्या यादींत ४६ व्या. त्या अधिकारानें संसदेनें कायदा केला, त्यांत आकारणी, विवरणपत्र, व्याज, दंड व बुद्ध्या चुकविल्यास शिक्षा आहे. विवरणपत्र आपणच भरून द्यावयाचें असतें, एवढ्यावरून देणें ऐच्छिक ठरत नाहीं. पूर्वीं खोतही आपलाच हिशेब आपण देत असे.

संग्राहकांसाठीं दोन गोष्टी. मूळ सनद कोणत्याही कचेरींत दाखल करूं नये, नक्कल द्यावी. फाइलींत गेलेला कागद परत येईल तेव्हां त्यावर शिक्के, टांचणीचीं भोंकें व कधीं कधीं प्लास्टिकचें आवरणही आलेलें असतें. दुसरी गोष्ट विक्रीची. वैयक्तिक वापराच्या जंगम वस्तूंच्या विक्रीस भांडवली नफ्याच्या करांतून जी सूट आहे तींतून पुराणवस्तूंचे संग्रह, चित्रें, शिल्पें व कलावस्तु २००७ च्या दुरुस्तीनें वगळल्या आहेत. तेव्हां 'करमुक्तीची सनद' म्हणून चढ्या भावानें विकलेल्या सनदेच्या किंमतीवरच कर देण्याचा प्रसंग येऊं शकतो! शिवाय पंचाहत्तर वर्षांपलीकडील ऐतिहासिक हस्तलिखित १९७२ च्या पुराणवस्तु कायद्याखालीं येतें; तें देशाबाहेर पाठविण्यास खासगी व्यक्तीस मनाई आहे.

मालकांस आम्हीं वरील आशयाचें उत्तर धाडलें. थोरल्या बंधूंनीं सनद कचेरींत नेली नाहीं. धाकट्यांनीं कारखान्याच्या व ट्रॉलरच्या वह्या एका हिशेबनिसाकडे दिल्या. सनदेची छायाप्रत त्यांच्या अनुमतीनें आमच्या संग्रहीं आहे. घडीवर तुटलेल्या भागांत 'खेरीज' या शब्दापुढील सुमारें अर्धी ओळ गेली आहे. तेथें हक्कदारांची नांवनिशी असावी. विजयदुर्ग सुभ्याकडील अथवा साळशीकडील कोणाच्या दप्तरांत अशाच मजकुराची नक्कल असल्यास ती पाठवावी, म्हणजे गाळलेला भाग भरून सनद पुढील अंकीं छापतां येईल.