यंत्र बदलण्यापूर्वी दप्तर सोडवा

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने ‘विंडोज १०’ची नियमित सुरक्षा-सेवा थांबविली. अनेक जुनी यंत्रे ‘विंडोज ११’च्या अटींत बसत नाहीत. प्रवराकाठच्या कोल्हारसारख्या गावातील शाळेपुढे वा पतसंस्थेपुढे त्यामुळे प्रश्न उभा राहतो : धडधाकट संगणक मोडीत काढावा, की त्यावरच विनामूल्य लिनक्स प्रणाली बसवावी?

विनामूल्य म्हणजे विनाखर्च नव्हे. अर्थशास्त्र किमतीबरोबर बदलाचा खर्चही मोजते. केरळने शाळांतून लिनक्स रुजविली, ती शिक्षकांना प्रशिक्षण देऊन. आपल्याकडे आणखी एक अडचण आहे. वर्षानुवर्षांचे ठराव, निकाल, प्रश्नपत्रिका जुन्या खासगी फॉन्टांत अडकून पडल्या आहेत. तो फॉन्ट नसेल, तर मराठी मजकुराची निरर्थक चिन्हे होतात. विक्रेत्याची खरी पकड आहे ती येथे.

म्हणून प्रथम सारे दप्तर युनिकोडमध्ये आणावे. मग एका संगणकावर सत्रभर लिनक्स वापरून पाहावी. हिशेबाची आज्ञावली केवळ विंडोजवरच चालत असेल, तर तेवढ्यापुरते एक नवे यंत्र घ्यावे. दप्तर मोकळे झाले, की पुढील प्रत्येक बदल आपल्या सोयीने करता येईल.