माडाच्या सावलीतील अबोली

भर दुपारी माडाच्या वाडीत शिरणाऱ्यास वाटते की, येथे दुसऱ्या कशाला जागाच उरलेली नाही. हिशेब मात्र निराळेच सांगतो. माड साडेसात मीटरांवर लावले, तर प्रत्येकाच्या वाट्यास सुमारे ५६ चौरस मीटर जमीन येते. त्याची बहुतेक कामकरी मुळे बुंध्यापासून दोन मीटरांच्या आत असतात. त्या वर्तुळाचे क्षेत्रफळ १३ चौरस मीटरही भरत नाही. म्हणजे तीन चतुर्थांशांहून अधिक जमीन मोकळीच पडली! ज्याची सारी मिळकत पंधरावीस माडांची, त्याने ती पडीक ठेवावी, हे आम्हांस पटत नाही.

पण जागा आहे म्हणून वाटेल ते लावता येत नाही. कारण जागेबरोबर उजेडही लागतो, आणि तो माडाच्या वयाप्रमाणे बदलतो. पहिली सातआठ वर्षे वाडीत ऊन भरपूर. पुढे पंचविशीपर्यंत झावळ्यांचे छत दाट होते. या काळात फुलझाडांच्या नादी न लागणे बरे. नंतर माड उंच जातो आणि तिरपे ऊन पुन्हा जमिनीवर उतरते. अबोलीची वेळ ती हीच.

अबोलीच का? मोगरा लावला, तर सावलीत पाने माजतात, कळी धरत नाही. अबोली अर्धवट सावली सोसते. तिला सुवास नाही. पण फूल हलके असते व वेणीत बराच वेळ टिकते, म्हणून त्याला गिऱ्हाईक आहे.

लावताना बुंध्याभोवतालची दोन मीटर जागा सोडावी. वाफे उंच करावेत; पाणी साचले की अबोली मरते. झावळ्या व नारळ पडतात, तेव्हा ते काढून झाल्यावरच फुले खुडावयास जावे. बी हवे असल्यास वाळलेली बोंडे पावसाआधी गोळा करावीत. ती भिजताच तडकून बी दूर उडते.

सर्वांत मोठी चूक एकच. माडाला घातलेल्या खतपाण्यावरच अबोली वाढेल, असे पुष्कळांना वाटते. तसे केल्यास दोघेही उपाशी राहतात. सावली फुकट मिळते. अन्न व पाणी ज्याचे त्याला वेगळेच द्यावे लागते. एवढा खर्च आधी धरावा, आणि मगच पहिला वाफा करावा.